पोटावरची कलमपट्टी

मी हसायला लागले की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसतात. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाजूनही नाही. आमच्या माहेरी हसणं असंच आहे. आईचं असंच होतं, आणि थोरल्या बहिणीचं तर माझ्याहून वाईट. लहानपणी कुणी नावं ठेवली की आई म्हणायची, हसतील त्यांचे दात दिसतील, आपले बरे आहेत, दिसू देत. आमचं हसू घशातून येत नाही, बेंबीच्या देठापासून येतं, आणि माझी बेंबीच एक दिवस फाटली.

नवरा मिळाला तोही असा. डहाणू स्टेशन ते बोर्डी शेअर रिक्षा चालवतो. मला बघायला आला तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, "स्वयंपाक येतो का?" मी मान हलवली. तर हा गंभीर चेहरा करून म्हणाला, "मग मला शिकवशील का? आईला कंटाळा आलाय." माझ्या हातातल्या ट्रेमधला चहा त्याच्या वडिलांच्या लेंग्यावर सांडला आणि लग्न ठरलं. मी त्याला अरेतुरेच करते, आमच्यात तसंच चालतं. स्वतः न हसता दुसऱ्याला हसवायचं हा त्याचा गुण, आणि त्याला हक्काचं गिऱ्हाईक मी. संध्याकाळी रिक्षा दारात लागली की तो हातपाय धुवायच्या आधी दिवसभरातला एक तरी प्रवासी मला करून दाखवायचा. वीस वर्षं हे चाललं. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या बेंबीपाशी एक फुगवटा यायला लागला होता. खोकले की यायचा, आडवी झाले की जायचा. हर्निया, डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हा नुसत्या दोऱ्याने शिवून टाकला. मी बरी झाले, विसरले. मग बऱ्याच वर्षांनी मसोलीला एका हळदीला गेलो. नवरदेवाला पाटावर बसवून बायका त्याला चोपडत होत्या आणि त्याच्या खिशातला फोन काही थांबेना. हातभर हळद, घेणार कसा? माझ्या नवऱ्याने पुढे होऊन फोन काढला, कानाला लावला आणि शांतपणे सांगितलं, "त्याला आता हळद-मीठ लावून मुरत ठेवलाय. उद्या तळतील. परवा फोन करा."

मी हसले. म्हणजे मी हसतेच, पण तेव्हा मुरकुंडी वळली, मांडवाचा खांब धरला, आणि हसता हसता पोटात काहीतरी टचकन सुटल्यासारखं झालं. घरी येऊन पाहिलं तर फुगवटा हजर. आधी लिंबाएवढा होता, वर्षभरात मध्यम प्रतीच्या चिकूएवढा झाला. माझं आयुष्य चिकूत गेलंय, प्रत चुकायची नाही.

त्या दिवसापासून नवरा गप्प झाला. माझ्या जोकने बायकोचं पोट फाटलं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. बाहेर रिक्षात बोलत असेल, मला माहीत नाही. घरात मात्र "जेवलीस का", "वीज गेली का", "पाणी आलं का". पहिल्यांदा वाटलं, आठ दिवसांत विसरेल. जित्याची खोड, जाईल कुठे? पण वर्ष गेलं, दोन गेली. तो दारात यायचा, हातपाय धुवायचा आणि बातम्या लावून बसायचा. सुनं सुनं वाटायचं मला त्या घरात. फुगवटा तसा दुखत नव्हता, पण मी ऑपरेशनला तयार झाले त्याचं खरं कारण हे होतं. मला माझा नवरा परत पाहिजे होता.

डहाणूतले नवे डॉक्टर वयाने लहान, घरी गुजराती बोलणारे, मला काकी म्हणायचे. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "काकी, तुमचं पोट म्हणजे विरलेलं कापड हां. नुसतं शिवलं तर टाक्याच्या बाजूने परत फाटणार. आपण आतून जाळीचं ठिगळ लावू."

"कसली जाळी?" मी विचारलं.

"प्लॅस्टिकची. पॉलिप्रॉपिलीन. खताच्या गोण्या बनते ना, त्याच जातीचं. पण हे शुद्ध, एकदम बारीक, दवाखान्यासाठी वेगळं बनवलेलं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. खताची गोणी आणि बायकोचं पोट! एवढं आयतं ताट समोर वाढलेलं. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्याने ते घट्ट मिटले आणि विचारलं, "गोळ्या जेवणाआधी की नंतर?" मला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं ऑपरेशनची भीती.

ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन देऊन अर्धं अंग झोपवलं होतं आणि उरलेलं अर्धं अंग बडबडत होतं. सिस्टरने सांगितलं, मी सगळ्यांना चिकूच्या बागेत जेवायला बोलावलं. घरी येताना सूचनांचा कागद मिळाला. पोटाला पट्टा बांधायचा. तीन महिने वजन उचलायचं नाही. खोकताना, शिंकताना आणि हसताना पोटावर उशी दाबून धरायची, पहिले काही आठवडे तर हसणं शक्यतो टाळायचंच. नवऱ्याने तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि हसण्याच्या ओळीखाली लाल रेघ मारली.

आता माणसाला हसायचं नाही म्हटलं की जगात दुसरं काही उरतच नाही. कुकरची शिट्टी अर्धवट वाजली तरी मला हसू. शेजारणीच्या फोनवर आरती वाजायची आणि ती "कोण मेला आता" म्हणत फोन घ्यायची, तेव्हा हसू. सगळ्यात जास्त हसू नवऱ्याच्या गंभीर तोंडाचं यायचं. तो टीव्हीवर शोकसभा लागली तरच आवाज मोठा करायचा. मी भिंतीकडे तोंड करून, उशी आवळून, पाढे म्हणायची. एकोणतीसचा पाढा मला त्या दिवसांत पाठ झाला.

त्यात बहीण आली. ती तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या गावात दिलेली, घरची भातशेती आणि नाचणी. माझ्यासाठी नाचणीचं पीठ घेऊन आली, कडक शब्दांत सांगून आली की मी हसवणार नाही, आणि दारातच तिची चप्पल तुटली. आम्ही एकमेकींकडे बघितलंच नाही. एक तासभर आम्ही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसून होतो.

बहीण कामाला वाघ, पण तिच्या डोक्यात एकदा प्रश्न शिरला की निघत नाही. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मला एक सांग. पायात काटा शिरला तर अंग काय करतं? पिकवतं आणि बाहेर टाकतं. बोराचा एवढासा काटा ठेवून घेत नाय, तर ही वीतभर जाळी कशी ठेवून घेईल?"

"डॉक्टर बोलले, घेईल."

"डॉक्टरच्या पायात काटे जातात का?"

मी उशी आवळून धरली. आणि दहाव्या दिवशी, आंघोळीनंतर पट्टा बांधताना, माझ्या हाताला बेंबीजवळ पुन्हा मऊ फुगवटा लागला.

पायाखालची जमीन सरकली. अंग जाळी बाहेर टाकतंय, दुसरं काय? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो उरलेलं बोलणंही बंद करून बसला असता. मग मी माझं शहाणपण वापरायचं ठरवलं. आपल्याला परकं अंगाला जोडता येत नाही म्हणजे काय? आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?

माझं काम सांगते. बोर्डीच्या एका नर्सरीत मी चिकूची कलमं बांधते. चिकूचं रोप बीपासून केलं तर फळ यायला अर्धं आयुष्य जातं, म्हणून ते रायणीवर बांधायचं. रायण म्हणजे खिरणी, मुळाने चिवट. रायणीची रोपं पिशवीसकट चिकूच्या झाडाला टांगायची, रोपाची साल थोडी तासायची, चिकूच्या फांदीची तेवढीच तासायची, जखमेला जखम लावायची आणि वरून पॉलिथिनची पट्टी आवळून गुंडाळायची. पाणी शिरता कामा नये, हवा शिरता कामा नये. तीन महिने हात लावायचा नाही. पट्टी सैल राहिली की कलम गेलं. माझं बांधलेलं कलम सहसा मरत नाही, मालक नव्या बायकांना माझ्याकडेच शिकायला बसवतात.

तेव्हा माझं गणित सोपं होतं. डॉक्टरांनी जाळी लावली चांगली, पण बांधली ढिली. कापडाचा पट्टा, त्यातून हवा येते, घाम जातो. असं कुठे कलम जुळतं का?

पट्टीचं बंडल घरात असतंच. बहिणीला टोक धरायला लावलं आणि मी जागच्या जागी गिरक्या घेत स्वतःला गुंडाळायला लागले. एक वेढा, दोन वेढे, प्रत्येक वेढा मागच्यावर अर्धा चढवून, नर्सरीत करतो तसा. पाचव्या गिरकीला घर फिरायला लागलं. सातव्या गिरकीला मी बहिणीच्या अंगावर पडले, बहीण पिठाच्या डब्यावर पडली आणि आम्ही दोघी नाचणीच्या पिठात बसून, एकच उशी दोघींच्या पोटांवर धरून, आवाज न करता इतक्या हसलो की बहिणीला उचकी लागली. गाठ मात्र मी पक्की मारली होती.

चार दिवस कुणाला कळलं नाही. पहिल्या दिवशी छान वाटलं. दुसऱ्या दिवशी खाज सुटली. कलम जुळताना त्यालाही खाजत असेल, मी मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी आतून पचपच वाजायला लागलं. चौथ्या दिवशी नवरा नाक वर करून घरभर हिंडला आणि म्हणाला, "चिकू सडलाय कुठेतरी." बऱ्याच दिवसांनी त्याने उच्चारलेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं, आणि ते माझ्याबद्दल होतं.

मग मी त्याला फुगवट्याचं आणि जाळीचं सांगितलं, पट्टीचं नाही, आणि त्याने तशीच रिक्षा काढली. दवाखान्यात टेबलावर झोपवून डॉक्टरांनी माझा पट्टा सोडला आणि थांबले.

"काकी, हे काय?"

"कलमपट्टी."

"कोणी बांधली?"

"मीच. मी नर्सरीत तेच करते."

त्यांनी कात्रीने एकेक वेढा कापला. मी मान उचलून खालचं कातडं बघितलं. तासभर पाण्यात राहिलेल्या बोटांसारखं पांढरं, सुरकुतलेलं, वर लाल पुटकुळ्यांची रास. टाके शाबूत होते. डॉक्टर खिडकीकडे वळले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सिस्टर तर सरळ बाहेर गेली. मी उशी मागितली, कारण डॉक्टरांच्या खांद्यांकडे बघून मलाही यायला लागलं होतं. नवरा एकटा कोपऱ्यात उभा होता, त्याचा चेहरा राखेसारखा झालेला.

"जाळी बाहेर येतेय का?" त्याने विचारलं.

"नाय हो काका. जाळी आहे तिथेच आहे." डॉक्टरांनी माझ्या पोटावर बोटं दाबून, मला खोकायला लावून खात्री केली. "हा फुगवटा म्हणजे नुसतं पाणी साचलंय. नवीन वस्तू आत आली की आपलं शरीर आधी पाणी सोडते, सूज आणते. ते हळूहळू आपोआप जिरेल. कातडीला मलम लावा आणि हवा लागू द्या."

पण बहिणीचा काटा माझ्या मनात रुतलेला होता. मी तो बाहेर काढला. बोराचा काटा बाहेर टाकणारं अंग जाळी कशी ठेवेल?

डॉक्टरांना प्रश्न आवडला असावा, कारण ते स्टूल ओढून बसले. म्हणाले, काटा घाणीसकट, जंतूंसकट आत जातो, म्हणून पिकतो. जाळी स्वच्छ असते. पण शरीराला ती परकी आहे हे पहिल्या दिवशीच कळतं. रक्तातल्या पेशी धावत येतात, तिला खायला बघतात, प्लॅस्टिक त्यांना खाता येत नाही. काही पेशी तर एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. तरी जमत नाही. मग खाता येत नाही, टाकता येत नाही, तर शरीर तिसरी गोष्ट करतं. तिच्याभोवती स्वतःचे धागे विणायला घेतं. जाळीच्या एकेका भोकातून मांसाचे धागे आरपार जातात, वर, खाली, आडवे. आज ती जाळी डॉक्टरांच्या टाक्यांनी धरलेली आहे. काही आठवड्यांनी माझं पोटच तिला धरेल.

"म्हणजे कलम जुळतं तसंच," मी म्हणाले.

"नाय काकी, तिथे तुमची चूक झाली. तुमचं झाड दोन जीवांचं एक होते. रस इकडून तिकडे जातो, बरोबर ने? जाळी मेलेली वस्तू. तुमचं शरीर तिला कधीच आपली मानणार नाय. दहा वर्षांनी बघितलं तरी तिच्या कडेला थोड्या पेशी पहारा देत बसलेल्या असतात. आपली मानणार नाय, पण सोडणार पण नाय."

हे मला फार आवडलं. माझं पोट म्हणजे अगदी माझी सासू निघालं.

आम्ही उठलो. दारापर्यंत गेल्यावर नवरा थांबला आणि डॉक्टरांकडे न बघता, दाराच्या कडीकडे बघत म्हणाला, "पहिलं शिवलेलं फाटलं, ते ही हसली म्हणून ना? मी हसवलं होतं."

डॉक्टर उठून त्याच्याजवळ आले. मग म्हणाले, "काका, ते शिवण आधीच सुटत आलेलं असणार. त्या दिवशी हसल्या नसत्या तर चार दिवसांनी हंडा उचलताना सुटलं असतं, नाहीतर शिंकताना. तुम्ही काय नाय केलं."

नवऱ्याने मान हलवली. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "ऐकलंस ना?" तो म्हणाला, "ऐकलं." आणि किक मारली. पटलेलं नव्हतं. एवढी वर्षं माणसाने स्वतःला फटके मारले की हात आपोआप उठतो, डॉक्टरने सांगून थांबत नाही. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

पाणी जिरलं. कातडं सुधारलं. बहीण लावणीसाठी गावी परत गेली आणि जाताना म्हणाली की डॉक्टरच्या पायात एकदा काटा गेलेला दिसतोय, माणूस बरा आहे. मी बसून करायच्या कामावर नर्सरीत जायला लागले. माझ्या पट्टीची बातमी माझ्या आधी पोहोचली होती. बायका मला विचारायच्या, "पालवी फुटली का गं?" मी झाडाखाली बसून कलमं बांधायची, आणि बांधून झालं की आपल्या पोटावर हलकेच हात ठेवायची. बेंबीखाली जरा टणक लागायचं, बोटभर रुंद. मी त्याला मनात म्हणायची, विण बाबा, सावकाश विण, घाई नाही. खरं तर घाई होती.

तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी खोकायला लावलं, उठायला लावलं, बसायला लावलं. म्हणाले, "मस्त. धरलंय एकदम. आता उशी फेकून द्या, काकी. पाहिजे तेवढं हसा."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो कागद घडी घालून खिशात ठेवत होता.

आम्ही निघालो. मी पाठीमागे एकटीच बसले होते, तर बोर्डीच्या रस्त्याला एका वाडीपाशी एका शेतकरीबाबाने हात केला. सोबत त्याची बायको आणि युरियाची भरलेली गोणी. बायको माझ्या एका बाजूला बसली. बाबा गोणी खांद्यावर घेऊन तसाच उभा. "भाऊ, ही कुठे ठेवू?"

नवऱ्याने मान वळवली. गोणीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, मिटले. मला त्याला सांगावंसं वाटलं, बोल रे, मेल्या, बोल. आणि तो बोलला, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता.

"ठेवा तिच्या बाजूला. दोघी नात्यातल्याच हायेत."

एक क्षण मला कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टरांचं ते खताच्या गोणीचं वाक्य ऐकल्यापासून हे त्याच्या जिभेवर होतं, तीन महिने त्याने गिळून ठेवलं होतं. आणि मग मी हसले. वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं एकदम आलं. मी गोणीला मिठी मारून हसले, शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून हसले, डोळ्यांतून, नाकातून पाणी, समोरच्या नारळावरचे कावळे उडाले. ती बाई बिचारी आपल्या नवऱ्याला खुणावत होती की दुसरी रिक्षा बघू.

नवरा उतरून मागे आला. भर रस्त्यात, परक्या माणसांसमोर, त्याने आपला रिक्षाच्या ऑईलने काळा झालेला हात माझ्या पोटावर ठेवला, बेंबीवर, आणि तिथे दाबून धरला. माझं पोट त्याखाली गदगदा हलत होतं. काही सुटलं नाही. काही फाटलं नाही. "धरलंय?" त्याने विचारलं. मला बोलता येईना, मी मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, पण हात त्याने काढला नाही.

"भाऊ," गोणीवाल्या बाबाने शेवटी विचारलं, "निघायचं ना?"

"थांबा जरा," माझा नवरा म्हणाला. "माझी बायको हसतेय."